ठिपक्यांचा ओढा

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी वाढीव मजल्यासाठी एक ब्रास वाळू येऊन पडली. शुक्रवार पेठेतल्या गल्ल्या मुळात अरुंद, त्यात वाळू पडली म्हणजे निम्मा रस्ता गेलाच. मी भाजीची पिशवी घेऊन तिथवर आले ती चार शब्द सुनावायच्या तयारीनेच. गवंडी ढिगाच्या एका बाजूला बादलीने पाणी मारत होता, आणि ओल्या वाळूचा तो वास आला. हल्ली बांधकामाला दगड दळून केलेली राखाडी भुकटी वापरतात. तिच्यावर पाणी पडलं तर सिमेंटच्या गोणीसारखा वास येतो. ही वाळू तसली नव्हती. कुठल्या तरी पाण्याच्या तळातून उपसलेली, तांबूस, मध्येच काळा कण, मध्येच पांढरी गारगोटी, कुठे शिंपल्याचा नखाएवढा तुकडा. मी पिशवी खाली ठेवली, बांगड्या मागे सारल्या आणि कोरड्या बाजूने मनगटापर्यंत हात वाळूत घातला. वर ती तापलेली होती. चार बोटं खाली गेल्यावर कोमट. त्याच्याही खाली गार.

“काय हरवलं का बाई? अंगठी-बिंगठी?” गवंड्याने विचारलं.

“नाही,” म्हटलं, हात झटकला आणि घरी आले. भांडायचं राहूनच गेलं.

ओढा हा शब्द आमच्या शहरात आता जवळपास बंद पडला आहे. सोलापुरात असतो तो नाला. नाला म्हणजे काळं पाणी, डुकरं, आणि पावसाळ्यात पेपरात येणारा फोटो. नाल्याच्या कडेला घर आहे असं कळलं की मुलीकडचे लोक पुढची चौकशी करत नाहीत. आमच्या शेजारच्या तेलुगू आजी, सासरे आणि नवरा दोघेही मागावर काम केलेले, त्या लहानपणीच्या गावची आठवण निघाली की ओढ्याला ‘वागू’ म्हणतात, आणि त्या एका शब्दासरशी त्यांचा आवाज जरा ओला होतो. माझ्या ऑफिसातले जुने आरेखक अक्कलकोटकडचे, घरात कन्नड बोलणारे. ते ‘हळ्ळ’ म्हणत. एकदा जोराचा पाऊस चालू असताना खिडकीशी उभे राहून ते स्वतःशीच म्हणाले, “हळ्ळ बंतु.” मी अर्थ विचारला, तर म्हणाले, “ओढा आला.” मला हसू आलं, कारण माझी आत्तीही अगदी असंच म्हणायची. ओढ्याला पूर आला, ओढा वाहू लागला, असं तिच्या गावात कुणी म्हणत नसे. वढा आला. जसा एखादा माणूस बाहेरगावाहून येतो, तसा.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. मंगळवेढ्याच्या पुढे आणि सांगोल्याच्या अलीकडे, जिथे जमिनीला मुरमाचा रंग आणि झाडांना सावलीपेक्षा काटे जास्त, तिथे तिचं सासर. मेंढरं आणि शेरडं राखायची आणि दोन तुकडे रान कसायचं, हा घरचा धंदा. दसरा झाला की पुरुषमाणसं मेंढरं घेऊन बाहेर पडायची ती पाऊस तोंडावर आल्यावर परतायची. मधले सात-आठ महिने गाव बायकांचं. माझे वडील सोलापुरात गिरणीत होते, एका खोलीत आम्ही सहा जणं, म्हणून मे महिना लागला की मला उचलून आत्तीकडे पाठवलं जाई. उन्हाळ्यात लोक मुलांना गारव्याला पाठवतात. मला भाजून काढायला पाठवत. मी कुरकुर केल्याचं आठवत नाही. एका खोलीत सहा माणसांनी झोपण्यापेक्षा उघड्यावर भाजणं बरं, एवढा हिशेब मला तेव्हाही कळत होता.

आत्तीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाण्याच्या बाबतीत तिचे शब्द पक्के असत आणि ते चुकलेले तिला खपत नसत. पाऊस पडत असताना पायाखालून पळतं ते पाणी म्हणजे ओघळ. चार ओघळी एकमेकींना मिळाल्या की वगळ. वगळीला काठ असतो, वळण असतं, पाऊस पडला की दिमाखही असतो. पण आभाळ मोकळं झालं की दुसऱ्या दिवशी तिच्यात शेरडं चरतात. मी एकदा घरामागच्या वगळीला ओढा म्हटलं, तर तिने मला तिथल्या तिथे थांबवलं.

“वढा न्हाय त्यो. वगळ हाय.”

“काय फरक पडतो आत्ती? पाणी दोन्हीकडनं वाहतंय की.”

“व्हातं सगळ्याकडनं गं. ऱ्हातं कुटं त्ये बघायचं. वगळीला पोट न्हाय. वढ्याला पोट असतंय.”

पोट म्हणजे वाळू. ओढ्यात पुरुषभर वाळू साठलेली असे आणि पाऊस संपून महिने लोटले तरी त्या वाळूच्या खालून पाणी चालत राही. म्हणून त्या गावात ओढा कधी आटत नसे. आटला हा शब्द विहिरीला होता, तळ्याला होता, म्हशीलाही होता, ओढ्याला नव्हता. मार्गशीर्षात वरचं पाणी दिसेनासं झालं की म्हणत, “वढा खाली गेला.” माडीवरचा माणूस काही कामाला खाली जावा, हाक मारली तर पुन्हा वर येईल, इतक्या बेफिकिरीने. आणि मग वापरात तो शब्द सगळीकडे असे. वढ्याला गेलीय म्हणजे पाण्याला गेलीय, किंवा धुणं धुवायला, किंवा घरात भांडण झालंय म्हणून जरा लांब जाऊन बसलीय. कोणत्या वेळी काय ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. वढ्यापल्याडची म्हणजे सोयरिकीतली. वढ्याच्या मानानं, म्हणजे उताराच्या दिशेने. रस्ता, शाळा, ग्रामपंचायत नंतर आली. पत्ता सांगायचा तो ओढ्यापासून.

पाडवा झाला की बायका खोरी घेऊन ओढ्यात उतरत आणि झिरे काढत. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा, तळाशी परातीएवढं पाणी. पण तो कुणीही कुठेही काढायचा नसे. प्रत्येक बाईचा झिरा ठरलेला होता. सून नवी आली की पहिल्या उन्हाळ्यात सासू तिला ओढ्यात नेऊन सोडी आणि स्वतः काठावर बसून राही. जागा सुनेनं शोधायची. वाळूवरून अनवाणी चालायचं, जिथे तळव्याला गार लागेल तिथे खोरं मारायचं. पाणी लागलं की तो झिरा तिचा, मरेपर्यंत. घर नवऱ्याच्या नावावर, रान दिराच्या नावावर, मेंढरं सासऱ्याच्या. झिरा तेवढा तिच्या नावाने ओळखला जाई. वाटेने जाणाऱ्याने कुणाच्याही झिऱ्यातून ओंजळभर प्यावं, घागर मात्र तिला विचारल्याशिवाय भरू नये. आत्तीला जागा शोधायला दोन दिवस लागले होते. सासूने दोन दिवस काठावर बसून तिची चेष्टा केली. “आमच्या लेकासाठी तळव्याची जाड आणलीया,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या वळणाला, करंजाच्या झाडासमोर, तिला पाणी लागलं, आणि ते असं लागलं की पुढे भर वैशाखातही तिच्या झिऱ्याला कमी पडलं नाही. ही गोष्ट तिने मला पन्नासदा तरी सांगितली असेल. लग्नाची एकदाही सांगितली नाही.

झिऱ्याचं काम मला मनापासून आवडे. करवंटीने पाणी काढायचं, पहिल्या दोन करवंट्या बाजूच्या खळग्यात ओतायच्या, चिमण्या-होल्यांसाठी. मग फडक्यातून गाळून घागरीत. घागर अर्धी झाली की झिरा रिकामा होई आणि आम्ही दोघी काठाशी बसून वाट पाहत असू. तेव्हा वाळूच्या अंगातून पाणी परत कसं येतं ते दिसे. आवाज नाही, धार नाही. नुसता तळ काळा पडत जातो आणि बघता बघता आपला चेहरा हलायला लागतो. संध्याकाळी निघताना झिऱ्यावर बाभळीची काटेरी फांदी टाकायची, कुत्र्यांनी आणि मोकाट जनावरांनी तोंड घालू नये म्हणून. हे माझं काम. ओढा चढून वर आलो की आत्ती मागे न बघता विचारी, “काटा टाकलास का?” मी टाकला म्हटलं तरी दहा पावलांवर पुन्हा विचारी. एकदा मी विसरले होते आणि खोटं बोलले. सकाळी झिऱ्यात मेलेला सरडा निघाला. तिने मला मारलं नाही. सगळा झिरा उपसायला लावला, तीनदा.

पुढे मी शिकले, अनुरेखकाचा कोर्स केला, आणि सोलापुरातल्याच एका सरकारी ऑफिसात लागले. पाण्याची कामं करणारं ऑफिस, एवढं पुरे. अनुरेखक म्हणजे नकाशा उमटवून काढणारा. खाली मूळ नकाशा, वर ट्रेसिंगचा पारदर्शक कागद, हातात शाईचं पेन. हुशारी लागत नाही. हात स्थिर लागतो आणि पाठ मजबूत. चूक झाली तर अर्ध्या ब्लेडने शाई हलकेच खरवडायची, नखाच्या मागच्या बाजूने कागद गुळगुळीत करायचा आणि पुन्हा रेघ ओढायची. चांगल्या अनुरेखकाची चूक उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. ते अक्कलकोटचे आरेखक माझे गुरू. ओढ्यात वाळू असेल तर दोन काठांच्या मध्ये ठिपके द्यायचे असा नियम होता, आणि नवीन मुलं कंटाळून ठिपके विरळ टाकत.

“काय ओ, हळ्ळात वाळू हाय का साबुदाणा?” ते मागून विचारायचे.

माझे ठिपके कधी विरळ पडले नाहीत. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आत्तीच्याच गावाचा कागद माझ्या टेबलावर आला. मी कुणाला काही बोलले नाही. त्या ओढ्याला मी दोन दिवस ठिपके देत होते. वळणाशी, करंजाच्या समोर, जरा दाटच दिले. गुरुजींनी कागद उजेडात धरला, बघितला, आणि सही करून पुढे पाठवला. त्यांच्यासाठी ते मोठं कौतुक होतं.

मग संगणक आले. मी रडत बसले नाही. वेळ वाचतो, पाठ दुखत नाही, मला ते आवडलं. ट्रेसिंग गुंडाळ्या करून पत्र्याच्या नळकांड्यांत गेली आणि नळकांडी जिन्याखाली गेली. चार वर्षांपूर्वी तालुक्यांच्या सगळ्या लहान प्रवाहांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. गावोगावचे कर्मचारी हाताने भरलेले तक्ते पाठवत. त्यात प्रत्येकाने आपल्या गावातला शब्द लिहिलेला. कुठे ओढा, कुठे वगळ, कुठे ओघळ, कुठे लवण, अक्कलकोटकडून एकाने चक्क हळ्ळ. संगणकाच्या तक्त्यात मात्र दोनच शब्द निवडायची सोय होती, नदी आणि नाला. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, नदी नसेल तर नाला. अवघड काय त्यात?” अवघड काहीच नव्हतं. मला पसारा आवडत नाही. एका गोष्टीला एक शब्द असला की यादी बघायला बरी वाटते. मी तीन आठवडे बसून ओढे, वगळी, ओघळी सगळ्यांना नाला करत गेले. आत्तीच्या गावाचा तक्ताही त्यात होता. ‘ओढा (वाळूचा)’ असं तिथल्या माणसाने कंस करून लिहिलं होतं, चांगल्या अक्षरात. तक्त्यात कंसाला जागा नव्हती. मी नाला निवडलं आणि खालच्या ओळीवर गेले. त्या क्षणी मनात काही आलं, हात अडखळला, असं मला आता लिहिता येईल. तसं काही झालं नाही. मला चहा प्यायचा होता.

नाल्यांचं खोलीकरण करायचं ठरलं तेव्हा यादी तीच वापरली गेली. नाला म्हटला की त्याच्या तळाशी जे साठलेलं असतं तो गाळ, आणि गाळ काढायचा असतो, मुरूम लागेपर्यंत. वगळीला ते ठीक आहे. वगळीला पोट नसतंच.

फोन आत्तीने शेजारच्या मुलीला लावायला सांगितला होता.

“अगं, वढ्यात मशिन उतरलंय. वाळू काडाय लागलंय.”

“कुठवर आलंय?”

“स्मशानाच्या हितं. तू हाईस की हापिसात. सांग की सायबाला, ह्यो वढा हाय म्हनाव. वगळ न्हाय.”

मी साहेबांकडे गेले. ते काही वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. वाईट माणूस असता तर मला भांडता आलं असतं. त्यांनी शांतपणे यादी उघडली, गावाचं नाव शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “इथे नाला आहे, मॅडम. मंजुरी नाल्याची आहे. ग्रामसभेने ठराव करून मागितलंय. यादी आपल्याकडचीच आहे.” यादी कुणी केली हे त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं. दुरुस्तीसाठी वर पत्र पाठवू, म्हणाले, आणि खरंच पाठवलं. पत्राचं उत्तर आलं तेव्हा ओढा खणून झाला होता.

मी रविवारी एसटीने गेले. काठावर दोन्हीकडे वाळूचे ढीग होते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या. ती वाळू कुठे गेली ते विचारू नका. मध्ये सरळ, चौकोनी, पट्टी लावून आखल्यासारखा चर. वळण सुद्धा सरळ केलेलं. करंजाचं झाड होतं, पण आता ते कशाच्या समोर उभं आहे ते कळत नव्हतं. गाव खूश होतं, हेही लिहिलं पाहिजे. पुढच्या पावसात त्या चरात काठोकाठ पाणी उभं राहिलं, पोरांनी उड्या मारल्या, फोटो काढले गेले, आत्तीच्या मुलानेही पाठवला. विहिरींना दोन महिने बरं पाणी आलं. मला वाटलं, चला, आपण उगाच जीव जाळला. पण माघात चराचा तळ उघडा पडला आणि खाली जायला ओढ्याकडे काही उरलं नव्हतं. पाडव्याला बायका खोरी घेऊन उतरल्या. खोरं मुरमावर खण्णकन वाजलं, असं आत्तीने मला फोनवर सांगितलं. आवाजच सांगितला फक्त.

गावाला नळ आहे. पाणी पाचव्या दिवशी येतं, कमी पडलं तर टँकर येतो. तहानेने कुणी मेलं नाही आणि मरणारही नाही. आत्तीची सून तिला हंडा भरून देते, न कुरकुरता देते. पण त्या बाईने साठ वर्षांत कुणाकडे पाणी मागितलं नव्हतं. आता सकाळी उठून ती उंबऱ्याशी तांब्या घेऊन बसते आणि सुनेला हात मोकळा होईपर्यंत थांबते. तेरा शेरडं होती, ती विकून टाकली. “त्यास्नी बी मागून पाजायचं का?” एवढंच म्हणाली.

त्या चैत्रात मी पुन्हा गेले तेव्हा मला राहवलं नाही. आम्ही दोघी ओढ्याच्या काठावर बसलो होतो. चरात कुणीतरी प्लास्टिकच्या बाटल्या फेकल्या होत्या. सोलापुरातल्या नाल्यासारखाच तो दिसायला लागला होता. मी तिला सगळं सांगितलं. यादी, दोन शब्द, कंस. ती ऐकत होती. मला वाटलं रागावेल, आणि रागावली असती तर बरं झालं असतं.

“तू लिवलंस?” तिने विचारलं.

“व्हय.”

“तुला तर म्या शिकिवलं व्हतं की.”

तिने काठावरचा एक खडा उचलून खाली चरात टाकला. नंतर, मी लहान असताना पाटी पुसायला सांगायची त्याच आवाजात म्हणाली, “मग खोड की. रबर न्हाय का हापिसात?”

मी खोडून बघितलं, हे खरं आहे. ज्या तक्त्यात कंसाला जागा नव्हती त्यात अजूनही नाही. शेरा लिहायला एक रकाना आहे; त्यात मी ‘वाळूचा ओढा, तळ काढू नये’ असं भरलं, तर काम पूर्ण झालेल्या नोंदीत बदल करता येत नाही असं लाल अक्षरात आलं. दर वेळी फोनवर आत्ती विचारते, “लिवलंस का नीट?” आणि मी म्हणते, “लिवते.” शाई असती तर ब्लेडने खरवडलं असतं. नखाच्या पाठीने कागद गुळगुळीत करून पुन्हा काढलं असतं. एवढंच काम मला चांगलं येत होतं.

यंदाच्या थंडीत जिन्याखालची जागा साफ करायला निघाली आणि पत्र्याची नळकांडी रद्दीत काढली. मी दोन दिवस धुळीत बसून त्या गावाचं ट्रेसिंग शोधलं. साहेबांना अर्ज दिला, तर ते हसून म्हणाले, “रद्दीच आहे मॅडम, न्या. अर्ज कशाला?” कागद कडेने पिवळा पडला होता, पण ठिपके जागच्या जागी होते, एकही उडाला नव्हता. तो घेऊन मी आत्तीकडे गेले.

तिचे डोळे आता अधू झालेत. ऑपरेशन झालंय, तरी बारीक काही दिसत नाही. मी ट्रेसिंग घोंगडीवर पसरलं आणि तिचं बोट धरून कागदावर ठेवलं. शाईचा ठिपका वाळल्यावर कागदावर किंचित वर राहतो. आम्ही तो नेहमी बोटानेच तपासायचो. तिने बोट पुढे सरकवलं. थांबली. मग चार बोटं टेकवली आणि काठाकाठाने, वरून खाली, गावाच्या टोकापासून वळणापर्यंत आली.

“खरखरतंय की,” ती म्हणाली. “वाळू हाय.”

“व्हय.”

“हितं दाट हाय.”

“व्हय आत्ती. वळण आहे ते.”

“मग झिरा कुटं हाय ह्यात?”

झिऱ्याला नकाशात खूण नाही. विहिरीला आहे, तळ्याला आहे, दगडी पुलाला सुद्धा आहे. उन्हाळ्यात बाईने हाताने खणलेल्या खड्ड्याला कुठल्याच पुस्तकात चिन्ह दिलेलं नाही. मी तिला तसं सांगितलं.

“मग काड की तू.”

पर्समध्ये साधं बॉलपेन होतं. ट्रेसिंगवर बॉलपेन चालवताना गुरुजींनी बघितलं असतं तर मला घरी पाठवलं असतं. मी वळणाशी, ठिपके दाट होते तिथे, एक लहान गोल काढला. तिने त्यावर बोट फिरवलं. बॉलपेनचा गोल हाताला लागत नाही, तरी तिने मान हलवली. बाहेर शेरडं परतायची वेळ झाली होती. शेजारच्यांची, तिची आता नाहीत. सुनेने आत येऊन हंडा ठेवला आणि ती गेली. मी कागद गुंडाळायला घेतला तसा आत्तीने माझा हात धरला.

“काटा टाक त्याच्यावर.”

मी बावन्न वर्षांची बाई, तीस वर्षं नोकरी केलेली, तिथे घोंगडीवर वाकून त्या गोलावर तीन तिरप्या रेघा ओढल्या, त्यांना बारीक काटे काढले. कागद तिच्या पेटीत ठेवला. एसटी पकडायची होती म्हणून उंबरा ओलांडला, आणि दहा पावलांवर गेल्यावर मागून तिने पुन्हा विचारलंच.

“टाकला,” मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं, आणि त्याने कशातच काही फरक पडणार नव्हता.